मदत हवी आहे: जुना सेक्स्टंट, साफ कसा करू आणि नाशकात बसून तपासू कसा?

नमस्कार मंडळी,

सासूबाईंचे मामा सिंधिया कंपनीच्या बोटींवर होते. त्यांच्या सामानातली एक चौकोनी लाकडी पेटी फिरत फिरत आमच्या पंचवटीतल्या घरी आली आहे. आत व्हर्नियरचा (बारीक वाचनाच्या सरकत्या पट्टीचा) सेक्स्टंट, म्हणजे क्षितिज आणि सूर्य किंवा तारा यांच्यातला कोन मोजायचं बोटीवरचं उपकरण. झाकणाला आतून ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचं प्रमाणपत्र चिकटवलंय, त्यावर क्यू (Kew) वेधशाळेचं नाव, साल १९०६ आणि दर १५ अंशांना किती दुरुस्ती धरायची त्याचा तक्ता. म्हणजे मामांनी तो कुणाकडून तरी जुनाच घेतला असणार.

घरात दोन तट पडलेत. दीर म्हणतात, भांडी बाजारात देऊ, बफ मारून सोन्यासारखा करून देतील, शोकेसमध्ये ठेवू. कारागिराशी त्यांचं बोलणंही झालंय. मला तो चालू हवाय, सूर्याची उंची मोजून नाशिकचे अक्षांश काढता येतील इतपत. दिरांना थोपवून धरलंय, तेवढ्यात जाणकारांनी सांगावं.

अवस्था अशी: फ्रेमचा काळा रंग पोपडे धरून सुटलाय. आर्कमध्ये (अंशांच्या खुणांच्या कमानीत) बसवलेली चांदीची पट्टी काळवंडलीय, रेघा तिरप्या उजेडातच दिसतात. आर्म (कमानीवर फिरणारा दांडा) जेमतेम हलतो, मागचा क्लॅम्प सुटतो पण बारीक सरकवायचा स्क्रू घट्ट बसलाय. लहान आरशाच्या कडेने काळे ठिपके. रंगीत काचांपैकी सर्वात गडद काचेला तडा.

मी अंबडला क्वालिटीत आहे, व्हर्नियर रोजच्या हातातला, त्यामुळे भिंग लावून तेवढं बघितलं. आर्कवर एका अंशाचे सहा भाग आहेत आणि व्हर्नियर कोनाच्या १० सेकंदांपर्यंत वाचता येतो. व्हर्नियरचा शून्य आर्कच्या रेघेवर नेमका धरला की शेवटची रेघही दुसऱ्या टोकाला नेमकी जुळते. याचा अर्थ विभागणी शाबूत आहे असा घ्यावा ना? आरसा इथे कुणाकडून करून घ्यावा? आणि समुद्र नसलेल्या गावात क्षितिज आणायचं कुठून? गंगापूर धरणाचा काठ चालेल का?

प्रतिसाद १ (निवृत्त, मर्चंट नेव्ही)

ताई, बफ अजिबात नको. आर्कवर तर ब्रासोचं बोटही लागू देऊ नका. त्या रेघा केसाइतक्या उथळ असतात, पॉलिशने पट्टी चकाकते आणि आकडे जातात. मग तुमच्या दिरांचंच खरं, शोकेसशिवाय जागा नाही.

पट्टीला मऊ सुती कापडावर थोडा अमोनिया घेऊन हलक्या हाताने पुसा, खिडकी उघडी ठेवून. नंतर तेलात कालवलेली काजळी रेघांवर फिरवायची आणि कोरड्या कापडाने वरची काढून घ्यायची. रेघांत बसते तेवढी राहते आणि आकडे स्वच्छ वाचता येतात. बोटीवर हेच करायचो.

आर्म जोर लावून फिरवू नका. तेल सुकून डिंक झालेलं असतं. स्क्रूच्या आट्यांवर रॉकेलचा थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, मग शिवणयंत्राचं तेल. आर्मच्या मुळाशी जो खिळा आहे तो मात्र उघडू नका. तो निमुळता घासून बसवलेला असतो, त्याचं केंद्र हललं की प्रमाणपत्रातला तक्ता कागदापुरता उरतो. फ्रेमचा रंगही आहे तसाच राहू द्या.

आरसे तपासायचा क्रम बदलायचा नाही. आधी आर्मवरचा मोठा आरसा: आर्म साधारण ३५ अंशांवर ठेवा, आर्क आपल्यापासून लांब धरा आणि आरशात तिरकं बघा. खरा आर्क आणि आरशातला आर्क एकसंध दिसला पाहिजे. पायरी पडली तर आरसा ओणवा आहे. मग लहान आरसा, मग इंडेक्स एरर, म्हणजे दोन्ही प्रतिमा जुळल्यावर वाचन शून्याऐवजी जेवढं येतं ती चूक. पेटीत चौकोनी तोंडाची छोटी चावी असेल, ती त्याच स्क्रूंची. पाव आट्याहून जास्त एकदम फिरवू नका.

प्रतिसाद २

लंडनच्या कंपनीचं नाव कोरलेले शोभेचे पितळी सेक्स्टंट हल्ली ढिगाने मिळतात, म्हणून आधी शंका आली होती. पण व्हर्नियर दोन्ही टोकांना जुळतोय म्हणजे माल अस्सल असावा. शोभेच्यात ते कुणी बघत नाही.

प्रतिसाद ३ (नाशिक, आकाशदर्शनवाला)

धरण विसरा. पलीकडचा काठ जवळ असतो, ते क्षितिज नव्हे. गच्चीवर परातीत स्कूटरचं काळं झालेलं इंजिन ऑइल ओता. वारा लागला नाही तर त्याची पातळी आपोआप सपाट होते. आकाशातला सूर्य आणि तेलातला सूर्य एकमेकांवर आणायचे. येणारा कोन दुप्पट असतो. इंडेक्स एररची बेरीज-वजाबाकी आधी करायची, निम्मं नंतर. एक सुख म्हणजे वाचनातली चूकही निम्मी होते. कोनातल्या एका मिनिटाची चूक म्हणजे जमिनीवर १८५२ मीटर, त्यामुळे ही सूट लहान नाही.

पण नाशकात एक अडचण आहे. आपण २० अंश उत्तरेला. २१ मार्चला दुपारचा सूर्य ७० अंशांवर येतो, दुप्पट १४०. तुमचा आर्क जेमतेम १२० च्या पुढे जात असेल. म्हणून माध्यान्हीचा वेध ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच. डिसेंबरात उंची साडेशेहेचाळीसच्या आसपास, दुप्पट ९३, आरामात बसतं. घड्याळात तेव्हा साडेबाराच्या पुढेमागे असेल, बाराला जाऊन उभ्या राहू नका. उन्हाळ्यात सकाळी किंवा दुपारनंतर वेध घेता येतो, फक्त गणित वाढतं.

इंडेक्स एररसाठी समोरच्या इमारतीची कड धरू नका, जवळच्या वस्तूने चूक येते. गच्चीवरून रामशेज किल्ला दिसत असेल तर त्याचा माथा धरा, नाहीतर रात्री एखादा ठळक तारा.

तडा गेलेली काच सूर्यासाठी वापरायचीच नाही, डोळ्याचा प्रश्न आहे.

धागाकर्ती

तिघांचेही आभार. रॉकेलची मात्रा लागू पडली, स्क्रू फिरतोय. काजळी सासूबाईंनी निरांजनावर धरून दिली, ६० पर्यंतचे आकडे आता भिंगाशिवाय वाचता येतात. दीर गप्प आहेत, पण कारागिराला नाही म्हणून कळवलंय. आरशाचं मात्र राहिलंच. काचवाल्याकडून साधा आरसा कापून बसवला तर?

प्रतिसाद ३

साध्या आरशाच्या दोन बाजू समांतर असतीलच असं नाही, मग दुहेरी प्रतिमा दिसते. पुढच्या बाजूला मुलामा असलेला आरसा दुर्बिणी करणाऱ्यांकडे मिळतो, पण जुन्याचा मुलामा मागे असेल तर परावर्तनाची पातळी सरकते आणि चौकटीत फेरबदल करावा लागतो. लहान आरशाचा अर्धा भाग पारदर्शकही हवा. कडेचेच ठिपके असतील तर मी तो बदलणार नाही. मागचा थर खरवडू नका, जुन्या आरशांत पारा असू शकतो. आधी दोन्ही आरशांची जाडी कॅलिपरने मोजून इथे टाका, मग ठरवू.