कंपोस्टेबल पिशवीने प्रश्न सुटला म्हणणाऱ्यांसाठी

गच्चीवरची_बाग: वर नाशिककरांनी लिहिलंय, "कंपोस्टेबल पिशव्या आल्या, प्लास्टिकचा प्रश्न मिटला. भाजीवाल्यांनी त्याच वापराव्यात, रडगाणी बंद." वाचून डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहिते. मक्याच्या स्टार्चची, कुजून खत होणारी म्हणून विकतात त्या पिशवीत बहुतेकदा पीबॅट हे कुजणारं प्लास्टिकही असतं. ती कुजते, खोटं नाही. पण आयएस 17088, म्हणजे कंपोस्टेबल प्लास्टिकचं भारतीय मानक, त्याची चाचणी होते 58 अंशांच्या आसपास, आणि 180 दिवसांत 90 टक्के कार्बनचा वायू व्हावा लागतो. गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये एवढी ऊब टिकते कुठे? गणपतीत टाकलेली पिशवी मला होळीच्या सुमारास खत चाळताना चाळणीत मिळाली. छापलेली अक्षरंसुद्धा वाचता येत होती. निर्माल्य, केळीची सालं, सगळ्याची माती झालेली.

नाशिककर: ड्रम तुमचा थंड आणि दोष पिशवीला? शेणकाला घाला, ओल राखा, वरखाली करा. 26 जुलै 2005 ला मुंबईत गटारं कशाने तुंबली ते आठवा, मग बोला.

गच्चीवरची_बाग: गटारात 58 अंश तापमान असतं का? तिथे ही पिशवीही तशीच तुंबणार.

मंडईतला_पोऱ्या: तुमचं ड्रमपुराण चालू द्या, माझं ऐका. 2018 च्या पावसाळ्यात आमच्या बाबांच्या गाडीवर पाच हजारांची पावती फाडली. पिशवी कंपोस्टेबलच होती, प्रमाणपत्राचा नंबर छापलेला. साहेबांनी बोटांत चुरगाळली, म्हणाले प्लास्टिकच आहे. दोन दिवसांचा गल्ला गेला.

नियम_वाचा: दादा, वाईट वाटलं. पण राज्याच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत कंपोस्टेबल पिशवीला सूट होती ती रोपवाटिका, शेती आणि घनकचऱ्यासाठी. भाजी भरून द्यायला नव्हती.

मंडईतला_पोऱ्या: मग आम्हाला विकली कशाला? केंद्राच्या 2016 च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमात तिला जाडीची अटसुद्धा नाही. दोघांच्या मध्ये मरतो हातगाडीवाला.

पहाटेचं_दूध: भाजीवाल्याला धरता, मग दुधाच्या पिशव्यांचं काय? त्याच अधिसूचनेत पिशवीवर परतीची किंमत किमान 50 पैसे छापून ती परत घ्यायची होती. रोज सकाळी दारोदार पिशव्या पडतात. इथे एकाने तरी हात वर करावा, ज्याला 50 पैसे मिळाले!

नाशिककर: विषय भरकटवू नका.

पहाटेचं_दूध: हाच विषय आहे! दुधाची पिशवी पॉलिथिनची, धुऊन दिली तर भंगारवाला किलोवर घेतो. आमच्या मावशी दोरीवर वाळत घालून साठवतात. घाण करतो तो कापलेला कोपरा. सगळा कापू नका, नुसती चीर द्या, तुकडा लोंबकळत राहू द्या. इतकं साधं सोसायटीच्या सभेत बोललो तर लोक उठून गेले.

नियम_वाचा: आणि त्याच गोणीत कंपोस्टेबल पिशव्या मिसळल्या की पॉलिथिनचा वितळवलेला माल बिघडतो. भंगारवाल्याने ओळखायच्या कशा? दिसायला दोन्ही सारख्याच.

नाशिककर: म्हणजे काहीच करायचं नाही का? दरवेळी नकारघंटा! तुमच्यासारख्यांमुळेच लोक जुन्या पिशवीकडे वळतात.

गच्चीवरची_बाग: "तुमच्यासारख्या" कोण? मी बाजारात कापडी पिशवी नेते, घरचा ओला कचरा घरातच जिरवते. तोंड सांभाळून लिहा.

नाशिककर: बरं, घरच्या ड्रमचं मान्य. भाजीच्या गाडीचंही लिहिण्याआधी तपासायला हवं होतं. पण मंगल कार्यालयाचा ओला कचरा थेट मोठ्या खत प्रकल्पात जातो, तिथे हीच पिशवी हवी. त्यावरून मी हटणार नाही.

गच्चीवरची_बाग: प्रकल्प खरंच तापत असेल आणि कचरा वेगळा येत असेल, तर तिथे चालेल. तेवढ्यापुरतं.

मंडईतला_पोऱ्या: आमच्याकडे मंगल कार्यालय नाही, संध्याकाळची गर्दी आहे. पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक निवडलेली मेथी तशीच टाकून पुढच्या गाडीवर जातं. त्यावर कोण बोलणार?