'हीरोज'चा सतरावा भाग पुन्हा पाहिला: बेनेटने पोरीला विचारायला नको होतं का?

जाडभिंग:
२००७ साली मी पुण्यात हॉस्टेलवर होतो. 'हीरोज' या अमेरिकी मालिकेचा एकेक भाग साडेतीनशे एमबीचा, लॅनवरून या खोलीतून त्या खोलीत जायचा. सबटायटल्स चार सेकंद मागे. सतरावा भाग, 'कंपनी मॅन', आम्ही सात जणांनी एका कॉटवर कोंबून बसून पाहिला आणि त्या नादात मेस बंद झाली.

परवा तोच भाग लेकीबरोबर पाहिला. नववीत आहे ती. आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टेक्सासमधलं ओडेसा, बेनेटचं घर. तो अचाट शक्तीवाल्या माणसांना पकडणाऱ्या गुप्त 'कंपनी'त कामाला, आणि त्याची दत्तक पोर क्लेअर, जिची कुठलीही जखम आपोआप भरते. अंगातून किरणोत्सर्ग फेकणारा टेड आणि दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येणारा पोलीस मॅट घरात घुसून सगळ्यांना ओलीस धरतात. टेडचं डोकं फिरतं, तो क्लेअरच्या आईवर उठतो. तेव्हा बेनेट मनातल्या मनात मॅटला सांगतो की क्लेअरवर गोळी झाड, ती उठेल. मॅट झाडतो. हॉस्टेलवर आम्ही शिट्ट्या मारल्या होत्या. काय डोकं, काय बाप!

लेक म्हणाली, "पण त्याने तिला विचारलं कुठे?"

म्हटलं, अगं, वेळ कुठे होता? तर म्हणे, "जखम भरते म्हणून दुखत नाही असं थोडंच आहे?" मग मी रिमोट शोधायला लागलो. तो हातातच होता.

तर प्रश्न असा: हा माणूस त्या क्षणी बाप म्हणून वागला की कंपनीचा माणूस म्हणून? आणि मला हे सोळा-सतरा वर्षांत एकदाही का खटकलं नाही?

सांगलीचा_सायलर:
दादा, लेक हुशार आहे, पण बेनेटवर अन्याय होतोय. विचारणार कसं? तोंड उघडलं की टेड ऐकणार. मन फक्त मॅटला ऐकू येतं. क्लेअरला इशारा दिला असता तर ती पडली ते नाटक वाटलं असतं. आईचा हंबरडा खरा होता म्हणून तर टेड फसला. आणि ही तीच पोरगी ना, जी पहिल्या भागात उंचावरून उडी मारते आणि मित्र झॅककडून त्याचं शूटिंग करून घेते?

ओसरीवरची:
उडी तिने स्वतः मारली होती. गोळी दुसऱ्याने घातली. एवढा फरक आहे.

मला या भागातलं खरं सोनं वाटतं ते कृष्णधवल फ्लॅशबॅक. कंपनीचा नियम आठवा: जोडीत एक आपल्यातला (साधा माणूस), एक त्यांच्यातला (शक्तीवाला). बेनेटच्या जोडीला अदृश्य होणारा क्लॉड (ख्रिस्तोफर एक्लस्टन). एवढी वर्षं एकत्र काम केलं आणि वरून हुकूम आला तसा बेनेटने पुलावर गाडी थांबवून त्याला गोळी घातली. म्हणजे आपल्या माणसावर गोळी चालवायची सवय याला आधीपासूनच आहे. लेखक ब्रायन फुलरने हे दोन्ही प्रसंग उगीच एका भागात ठेवलेले नाहीत. एरवी ही मालिका न्यूयॉर्क, लास व्हेगास, टोकियो असं सारखं पळत असते. इथे सतराव्या भागात पहिल्यांदा एका घरात बसली, आणि काय बसली! नेहमीची मोठी पात्रं, पीटर आणि मोठेपणीचा हिरो (हे त्याचं नाव), इथे नाहीत. हिरो दिसतो तो लहानपणीचा, वडिलांबरोबर आलेला. आणि ते वडील, म्हणजे जॉर्ज टाकेई, तान्ह्या क्लेअरला बेनेटच्या हातात देऊन बजावतात की हिच्यात काही दिसलं तर ती आमची. बाप होण्याची सुरुवातच नोकरीच्या अटीवर.

(विषयांतर: पहिल्या भागात मोहिंदर या भारतीय पात्राच्या गावाचं नाव पडद्यावर 'मद्रास' येतं. चेन्नई होऊन दहा वर्षं झाली होती. कोणी सांगितलं नसेल त्यांना.)

लिंबू_पिळा_पोह्यांवर:
त्या घरात मिस्टर मगल्स सोडून कोणीही शहाणं नाही. पॉमेरेनियनला मत द्या.

जाडभिंग:
मगल्सला आमच्या घरची दोन मतं.

ओसरीवरची, पुलाचं तुम्ही म्हणालात ते डोक्यात बसलं, म्हणून काल शेवट परत पाहिला. शेवटी बेनेट पुन्हा पुलावरच उभा आहे. या वेळी तो आठवणी पुसू शकणाऱ्या साथीदाराला, हेशियनला, सांगतो, मला गोळी घाल आणि पोरीच्या सगळ्या आठवणी पुसून टाक, म्हणजे कंपनीने कितीही खणलं तरी ती कुठे आहे हे माझ्या डोक्यात सापडणार नाही. २००७ मध्ये इथे माझा घसा दाटला होता, कालही दाटला. पण काल हेही दिसलं की ठरवलं पुन्हा त्यानेच. क्लेअर रडतेय, आणि तिच्या पुढच्या आयुष्याचा निकाल दोन पुरुषांनी लावून टाकलाय.

फक्त मधे एक जागा आहे. टेड फुटायच्या बेतात असतो, घर पेटलेलं. तेव्हा क्लेअर इंजेक्शन घेऊन स्वतःच आत जाते. बाहेर येते तेव्हा कातडी करपलेली, आणि चालता चालता सगळ्यांदेखत भरत जाते. बेनेटचा चेहरा बघा तिथे. जॅक कोलमनने एक शब्द न बोलता काम केलंय. जे लपवलं ते कंपनीच्या साहेबांसमोर उघडं पडलंय, आणि आग मात्र पोरीने विझवलीय.

हे लेकीला दाखवलं. ती म्हणाली, "हां, हे चालेल." बापाला पास केलं की नाही, ते सांगितलं नाही.

सांगलीचा_सायलर:
बरं, माघार. पण एक ऐका, पहिल्या सीझनचे २३ भाग झाले की थांबा. दुसरा लेखकांच्या संपात अकरा भागांवर उरकला, आणि त्यानंतरचं मी आठवत नाही असं दाखवतो.

जाडभिंग:
थांबणं आमच्या रक्तात नाही. आणि एक विनंती, बेनेटचं पहिलं नाव इथे कोणी लिहू नका, ते पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात कळतं. लेक हा धागा वाचतेय.