कागद येईपर्यंत सुनेने नोकरी सोडून घरी बसायचं का?

गिरणाकाठ

भाचीचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं. ती पाचोऱ्याची, जळगावात एका कॉलेजात शिकवायची. जावई अमेरिकेत, ग्रीन कार्डवर, म्हणजे कायम राहायची परवानगी आहे, पण नागरिक नाही. बैठकीतच व्याही म्हणाले, "चार-सहा महिन्यांत व्हिसा येतो, राजीनामा देऊन मोकळी हो." तिने दिला. तेव्हापासून ती चाळीसगावला सासरी आहे आणि भेटेल तो एकच विचारतो, कधी जाणार? आता तर तिने हळदीकुंकवालाही जाणं सोडलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात येत नाही तोवर सुनेने नोकरी सोडू नये, आणि सासरच्यांनी तसं सुचवूही नये.

हे "चार-सहा महिने" येतात कुठून, ते बघा. आपल्याकडे आधी गेलेल्या सुना बहुतेक एच-४ वर गेल्या. नवरा एच-१बी वर, म्हणजे कंपनीच्या कामावर, आणि बायको त्याची अवलंबित. मुंबईची तारीख मिळाली की काम झालं. ग्रीन कार्डवाल्याची बायको मात्र कायमची राहायला जाते, म्हणून तिचा रस्ताच निराळा. नवऱ्याने आय-१३०, म्हणजे बायकोला बोलावून घेण्याचा अर्ज भरायचा. तो ज्या दिवशी दाखल झाला ती तारीख म्हणजे तिचा रांगेतला नंबर. दर वर्षी व्हिसे ठरावीकच, आणि नंबर कुठवर आला ते दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये छापून येतं. या गटाचं नाव एफ-२ए. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात या गटाला रांगच नव्हती. एप्रिल २०२३ ला तारीख एकदम मागे गेली, पुन्हा रांग लागली. म्हणजे त्या काळातल्या लग्नांचा हिशोब आजच्या लग्नाला लावण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की बायोडाटावर "ग्रीन कार्ड" लिहिलं की स्थळाचा भाव वाढतो. पण एच-१बीवाल्याची बायको तारीख मिळाली की त्याच्याकडे पोचते, आणि भारी स्थळाची बायको मागे राहते.

यात कोणाचा दुष्टपणा नाही, हिशोब चुकलाय. पण त्यापायी नोकरी पोरीची गेली, बाकी कोणाचं काही गेलं नाही.

आसोद्याची मावशी

भाऊ, तुम्ही मामा आहात म्हणून असं बोलता. मी सासू आहे, माझी बाजूही ऐका.

एक तर हे कागद म्हणजे स्वतःच एक नोकरी असते. पोलिसांचा दाखला, मेडिकल, मुंबईच्या चकरा. शाळेत-बँकेत कोण एवढी रजा देतं? दुसरं, सून जळगावात खोली घेऊन राहिली आणि मुलगा तिकडे, तर व्हिसाच्या मुलाखतीत तो साहेब विचारणार नाही का, की लग्न झालं तर सासरी का राहत नाही? लग्न खरं आहे हे दाखवावं लागतं ना! तिसरं, लोक काय म्हणतील ते म्हणू द्या, पण सून घरात असली की मुलाचाही जीव थाऱ्यावर राहतो. नवी नवरी आहे, आखाजीला माहेरी जाईल, कानबाईला सासरी असेल, दोन्ही घरं तिला कळतील. एकदा गेली की हे दिवस परत मिळणार आहेत का?

गिरणाकाठ

मावशी, शेवटचं सोडून काही पटलं नाही. लग्न खरं असल्याचा पुरावा नवरा-बायकोमधला लागतो. एकमेकांचे कॉल, मेसेज, तो येऊन गेल्याची तिकिटं, लग्नाचे फोटो, पाठवलेले पैसे, विम्यात-बँकेत लावलेलं नाव. सासरी किती भाकरी थापल्या हे त्या साहेबाच्या कोणत्याच कागदावर नाही.

रजेचं म्हणाल तर व्हिसा मिळाल्यावर लगेच विमानात बसावं लागत नाही. मेडिकलच्या तारखेपासून साधारण सहा महिन्यांपर्यंत त्याची मुदत असते. एक-दोन महिन्यांची नोटीस देऊन, सगळ्यांना भेटून, मांडे खाऊन निघता येतं.

टेक्सासचा भुसावळकर

मी त्या जावयाच्या जागी होतो, म्हणून तिकडची बाजू मांडतो. इथे सगळे सासू विरुद्ध मामा असं भांडताय, पण किल्ली नवऱ्याच्या हातात असते.

पहिली गोष्ट लग्न ठरण्याआधीची. नोकरीवरून मिळणारं ग्रीन कार्ड हातात यायच्या आधी लग्न झालेलं असेल, तर बायकोला त्याच अर्जाच्या जोरावर, त्याच नंबरवर मागून जाता येतं. कार्ड मिळाल्यावर लग्न केलं की एफ-२ए ची रांग. आणि आपल्याकडे काय म्हणतात? "आधी कार्ड येऊ दे, मग बार उडवू." बरोबर उलटं.

दुसरी गोष्ट, नागरिकत्व. ग्रीन कार्डला पाच वर्षं पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरता येतो. नवऱ्याने शपथ घेतली की बायकोचा अर्ज एफ-२ए मधून निघून नागरिकाच्या जोडीदाराच्या गटात जातो, आणि त्या गटाला वार्षिक मर्यादाच नाही. जुना आय-१३० तोच चालतो, फक्त नागरिकत्वाच्या दाखल्याची प्रत पाठवून कळवावं लागतं. हे आपोआप होईल म्हणून गप्प बसणारे मी पाहिलेत.

आणि मावशी, "मुलगा वर्षभर इकडे येऊन का राहत नाही" असं विचारू नका. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलो तर नागरिकत्वासाठी लागणारा सलग वास्तव्याचा काळ तुटला असं धरलं जाऊ शकतं, वर्ष झालं तर तुटतोच. पाच वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असावं लागतं ते वेगळं.

नोकरीबद्दल मात्र मी गिरणाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत नाही. माझ्या बायकोने सोडली आणि त्या काळात गाडी चालवायला शिकली, इंग्रजी बोलायला शिकली. तिला इथे त्याचाच जास्त उपयोग झाला.

नवापूर एक्स्प्रेस

एवढा घोळ कशाला? टुरिस्ट व्हिसावर न्यायचं आणि तिकडेच कागद बदलून घ्यायचे. आमच्याकडे एका एजंटने दोघांचं करून दिलं.

टेक्सासचा भुसावळकर

त्या एजंटला लांबून नमस्कार करा. आय-१३० चालू असताना टुरिस्ट व्हिसा मागायला गेलं की पहिली शंका हीच येते की ही परत येणार नाही, आणि व्हिसा नाकारतात. मिळाला तरी ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोची मुदत संपली आणि नंबर आला नाही, तर तिकडे राहून कार्ड मिळत नाही. नागरिकाच्या बायकोला मुदत उलटल्याची सवलत आहे, खोटं बोलून आत शिरल्याची नाही. फिरायला आले असं सांगून राहण्याच्या इराद्याने गेल्याचं सिद्ध झालं तर कायमची बंदी बसू शकते. मग माफीचा वेगळा अर्ज, त्याची वेगळी रांग.

आखाजीची पाहुणी

मी शिरपूर तालुक्यातली, आता ओहायोत असते. या धाग्यात ज्या सुनेबद्दल सगळे बोलताहेत ती मी होते, म्हणून मध्ये पडते.

मी नोकरी सोडली नव्हती. त्याने थांबणं सोपं झालं असं नाही. बदली नको म्हणून बढती नाकारली, दोन वर्षांचा कोर्स घेतला नाही, भाड्याच्या खोलीत फ्रीजसुद्धा घेतला नाही. सगळं "आता जायचंच आहे" या एका वाक्यावर अडलेलं. तेव्हा गिरणाकाठदादा, पगार चालू असला म्हणजे माणूस चालू असतो असं नाही.

जास्त त्रास कशाचा झाला सांगू? कागद माझे, पण खबर मला सासऱ्यांकडून. नवरा त्यांना फोनवर सांगायचा, ते जेवताना मला सांगायचे. अर्ज मंजूर होऊन नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी कागद तपासणाऱ्या अमेरिकेतल्या कचेरीकडे गेला की केस नंबर आणि इनव्हॉइस नंबर मिळतो. तो घेऊन मी स्वतः लॉगिन करायला लागले, तेव्हा डोकं शांत झालं. कोणता कागद नाकारला, का नाकारला, मला दिसायला लागलं.

नाकारला होता जन्मदाखला. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत माझी ओळ होती. आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, "स्त्री", आणि नावाचा रकाना कोरा. घरी जन्म झाला, आजोबांनी नोंद केली, बारसं व्हायचं होतं, पुढे कोणी फिरकलंच नाही. ग्रामसेवकाकडे तीन गावांचा कारभार, ते आमच्या गावी मंगळवारी. शाळा सोडल्याचा दाखला, आईचं प्रतिज्ञापत्र, पुन्हा मंगळवार. शेवटी त्यांनी माझ्यासमोर निळ्या शाईने रकान्यात नाव लिहिलं, शेजारी सही आणि शिक्का मारला. त्या एका रकान्यापायी अख्खी फाईल थांबली होती. तुमच्या भाचीला सांगा, नंबर यायची वाट न बघता हा दाखला आजच काढून बघ. लग्नाचा दाखलाही. आणि सासरचं नाव पासपोर्टवर लावायची घाई करू नको, प्रत्येक कागदावर वेगळं नाव झालं की प्रत्येकाचा खुलासा द्यावा लागतो.

आणखी एक. माझा नवरा नागरिक होता, म्हणून मी तुलनेने लवकर गेले. पण तिकडे पाऊल टाकलं तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, म्हणून दोनच वर्षांचं सशर्त कार्ड मिळालं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे ती अट काढण्याचा अर्ज, भरायचा. तोही रखडतो. हल्ली पावतीवरच कार्डाची मुदत ४८ महिने वाढवून देतात, यावरून काय ते समजा. विमानतळावर संपलेलं कार्ड आणि ते पत्र दाखवताना दर वेळी पोटात गोळा यायचा. पुढे नागरिकाची बायको म्हणून तीन वर्षांनी एन-४०० भरला, तेव्हा एकाच मुलाखतीत दोन्ही सुटलं. एफ-२ए वाल्या उशिरा जातात, तोवर लग्नाला दोन वर्षं झालेली असतात, त्यांना थेट दहा वर्षांचं कार्ड मिळतं. उशिराचा तेवढाच एक फायदा.

केळीबाग

रावेरहून लिहितोय. मुलगा तिकडे ग्रीन कार्डवर आहे, सून आमच्याकडे. त्याची पाच वर्षं होऊन गेली, पण नागरिकत्वाचा अर्ज मीच भरू दिला नाही. इकडचं नागरिकत्व सोडलं की सातबाऱ्यावरचं नाव जातं. तीन पिढ्यांची बाग आहे. सुनेला म्हटलं, थोडं थांब.

गिरणाकाठ

काका, रागावू नका, पण मग सुनेचा उशीर वॉशिंग्टनमध्ये होत नाहीये, रावेरमध्ये होतोय.

धुळ्याची वकील

केळीबाग काका, भीती अर्धीच खरी आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. मुलाने अमेरिकेचं घेतलं की भारताचं संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो. पण नंतर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, काढता येतं, आणि ओसीआय झालेल्याला शेतजमीन वारशाने मिळू शकते. तुमच्यामागे त्याचं नाव लागू शकतं. त्याला नवीन शेत विकत घेता येणार नाही, आणि वारशाचं विकायचं झालं तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावं लागेल. एवढ्यासाठी सुनेला थांबवायचं का, ते तुम्ही ठरवा. मी असते तर त्याला अर्ज भरायला लावला असता, आणि लवकर. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना नागरिकत्वाची नवी चाचणी आहे, १२८ प्रश्नांतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. तयारीलाही वेळ लागतोच.

तिकडच्या कोर्टाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून सांगते. नागरिकत्वाची मुलाखत होऊन १२० दिवसांत निर्णय आला नाही, तर तिथल्या जिल्हा न्यायालयात जाता येतं. बाकी अर्ज विनाकारण पडून असतील तर मँडॅमसचा दावा असतो, आपल्याकडच्या परमादेश रिटसारखाच. कोर्ट मंजूर करा म्हणत नाही, निर्णय द्या म्हणतं.

टेक्सासचा भुसावळकर

हे सरसकट सांगू नका वकीलताई. फाईल टेबलावर पडून असेल तर दावा चालतो. नंबरच आलेला नसेल तर कोर्ट व्हिसे कुठून आणणार? रखडणं वेगळं, रांग वेगळी. लोक दोन्हीला एकच "डिले" म्हणतात आणि वकिलाला हजारो डॉलर देऊन बसतात.

धुळ्याची वकील

मान्य. म्हणून आधी बुलेटिन बघायचं, मग वकील. पण ज्यांची तारीख आलेली आहे आणि तरी वर्षभर पान हलत नाही, त्यांनी "साहेब चिडेल" म्हणून गप्प बसायचं, हे मला मान्य नाही. आपल्याकडे तलाठ्याला घाबरायची सवय, तीच तिकडे नेतात.

केळीबाग

मुलाशी बोलतो. सुनेला अजून काही सांगितलेलं नाही.

आखाजीची पाहुणी

काका, आधी तिलाच सांगा.

आसोद्याची मावशी

सगळं वाचलं. दाखल्याचं खरंच माहीत नव्हतं, सुनेचा उद्याच बघते. नोकरीचंही एक वेळ मान्य करते, करू दे. पण मग पगार घरात द्यायचा की नाही? तिकडे मुलाला तिच्या खर्चाची हमी लिहून द्यावी लागते म्हणे, त्यात तिचा पगार धरतात का?

टेक्सासचा भुसावळकर

हमीपत्र म्हणजे आय-८६४. मुलाचं उत्पन्न तिथल्या गरिबी पातळीच्या १२५ टक्के तरी लागतं. तिकडे गेल्यावर बंद होणारा इथला पगार त्यात धरत नाहीत.

गिरणाकाठ

म्हणजे तो तिच्याच खात्यात राहू द्या, मावशी.

आसोद्याची मावशी

वाटलंच होतं, मामा हेच म्हणणार.