मदत हवी आहे: प्रीकास्ट जॉइंट असा असताना R = ५ धरता येतो का?

नमस्कार मंडळी,

चाकणजवळ कामगारांसाठी तळमजला अधिक चार मजल्यांचं हॉस्टेल होतंय. मालकांना ताबा लवकर हवा, म्हणून प्रीकास्ट (बीम-कॉलम कारखान्यात ओतून साइटवर जोडायचे) ठरलं. डिझाइन प्रीकास्ट पुरवणाऱ्या कंपनीनेच केलंय, ते तपासायचं काम आमच्या ऑफिसकडे आहे आणि फाइल माझ्याकडे. एका गोष्टीवर सही करायला माझा हात धजत नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून भागणार नाही, पर्याय द्यावा लागेल. त्यासाठी हा धागा.

जॉइंट कसा दाखवलाय ते सांगते. कॉलमला प्रत्येक मजल्यावर कॉर्बेल (कॉलममधून बाहेर काढलेला टेकू). त्यावर १० मिमी नियोप्रीन (रबरी) पॅड, पॅडवर बीम. बीमच्या टोकाला एक भोक, त्यातून कॉर्बेलमधला एकच २५ मिमीचा डॉवेल (उभी सळई) वर आलेला, भोवती ग्राउट (ओतून भरायचं सिमेंटचं मिश्रण). बीमच्या खालच्या सळया टोकालाच संपतात. वरच्या सळया टॉपिंगमध्ये (साइटवर वरून ओतायच्या काँक्रीटच्या थरात) टाकल्यात, पण त्या कॉलमच्या दोन्ही अंगांनी पुढे जातात, कॉलमच्या आतून एकही जात नाही. बीमवर २०० मिमीचे हॉलोकोर (आतून पोकळ, तयार) स्लॅब आणि वर ६० मिमी टॉपिंग.

आणि सॉफ्टवेअरच्या मॉडेलमध्ये हाच जॉइंट पूर्ण रिजिड (बीम-कॉलम एकसंध) आहे, आणि R, म्हणजे भूकंपाचा भार ज्याने भागायचा तो आकडा, = ५!

चाकण भूकंपाच्या झोन तीनमध्ये, म्हणजे Z (झोनचा आकडा) = ०.१६. दोनशेच्या वर माणसं राहणार, म्हणून I (इमारतीच्या महत्त्वाचा गुणक) = १.२. भिंती धरून पिरियड (एका झोक्याचा वेळ) छोटा येतो, म्हणून Sa/g (इमारतीला बसणाऱ्या हादऱ्याचा गुणक) = २.५. या हिशेबाने (Z/२ × I/R × Sa/g) R = ५ ला आडवा भार वजनाच्या ४.८ टक्के येतो. इमारतीचं वजन साधारण ३,००० टन धरलं तर १४४ टन. तोच R = ३ ने २४० टन. R = ५ चा अर्थच असा की इमारत अख्खी लवचिक राहिली असती तर जेवढा भार आला असता, त्याच्या पाचव्या हिश्शासाठी आपण डिझाइन करतोय. उरलेलं बीमच्या टोकांनी न तुटता वाकून पचवायचं. इथे बीमच्या टोकाला वाकायला सळईच नाही. खालची सळई कॉलममध्ये जात नसेल तर भूकंपात मोमेंट (वाकवणारा जोर) उलटल्यावर तो घेणार कोण? एक डॉवेल?

मी हा मुद्दा मीटिंगमध्ये काढला तर उत्तर मिळालं, “मॅडम, पुण्यात कुठे एवढे भूकंप होतात?” ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, दोन्ही आपल्याच महाराष्ट्रातले. किल्लारी तर तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं.

इटलीत एमिलिया भागात मे २०१२ मध्ये प्रीकास्ट कारखान्यांचे बीम कॉलमवरून अक्षरशः घसरून पडले. बीम नुसत्या घर्षणावर टेकलेले होते, कारण तो भाग २००३ पर्यंत भूकंपप्रवण मानलाच जात नव्हता. २० मे नंतर काही कारखाने पुन्हा सुरू झाले आणि २९ मेच्या सकाळी दुसरा धक्का आला, तेव्हा माणसं आत काम करत होती. आमच्या जॉइंटमध्ये निदान डॉवेल आहे. पण हे हॉस्टेल आहे, रात्री सगळे आत झोपलेले असणार.

माझे प्रश्न: हा जॉइंट तसाच ठेवून R = ३ घेतला तर चालेल का? की जॉइंटच बदलायला लावू? मालक आता स्टीलचाही विचार करतायत, “स्टील तुटत नाही” म्हणून. त्यांना काय सांगू?

प्रतिसाद – कोयनाकाठ

ताई, सही केली नाहीत ते उत्तम केलंत.

R = ३ ही पळवाट नाही. तो आकडा ऑर्डिनरी (डक्टाइल तपशील नसलेल्या, म्हणजे न तुटता वाकू न शकणाऱ्या) फ्रेमचा आहे आणि भूकंपाचं भारतीय मानक आयएस १८९३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत त्याच तक्त्याखाली टीप आहे की झोन तीन, चार आणि पाचमध्ये ही पद्धत चालणार नाही. शिवाय तुमची फ्रेम ऑर्डिनरीसुद्धा नाही. टोकं पिन (मोकळी फिरणारी) आहेत, म्हणजे आडव्या भारासाठी उरले फक्त जमिनीतून उभे असलेले कॉलम. मॉडेलमध्ये बीमची टोकं मोकळी करून एकदा चालवा. ड्रिफ्ट (मजल्याचं आडवं सरकणं भागिले मजल्याची उंची) ०.००४ या मर्यादेच्या आसपासही राहणार नाही. तो आलेख छापून मीटिंगला घेऊन जा, वाद तिथेच संपेल.

आयएस १३९२० (भूकंपासाठी काँक्रीटच्या तपशिलांचं मानक) प्रीकास्टला मनाई करत नाही, पण ओतीव काँक्रीटइतकी डक्टिलिटी (न तुटता वाकण्याची क्षमता) दाखवता आली तरच वापरा म्हणतो. ती आणायचा ओळखीचा रस्ता म्हणजे ओला जॉइंट: बीमच्या खालच्या सळया कॉलमच्या गाभ्यात हुकाने अडकवायच्या, वरच्या गाभ्यातून आरपार, गाभ्यात रिंगा, आणि तो भाग साइटवर ओतायचा. सळयांची गर्दी होते, हे खरं. यार्डातली (प्रीकास्ट कारखान्यातली) माणसं म्हणूनच टाळतात.

दुसरा रस्ता मला तुमच्या कामाला जास्त योग्य वाटतो. जिना आणि लिफ्टभोवती डक्टाइल शिअर वॉल (आडवा भार घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) घ्या, R = ४. भार ६ टक्के, म्हणजे १८० टन, सगळा भिंतींवर. बीम-कॉलम फक्त उभ्या वजनाला. तेव्हा पिन जॉइंट चालतो, पण फुकट नाही. इमारत R पट हलेल तेव्हा त्या जॉइंटने वजन सोडता कामा नये. ०.००४ गुणिले ४, म्हणजे ०.०१६ चा कल. बीम ६०० मिमी खोल असेल तर कॉलमजवळची फट वरच्या कडेला साधारण १० मिमी उघडझाप करेल. ती फट कडक मॉर्टरने भरून टाकली तर बीम अडकतो, कॉर्बेलचा कोपरा उडतो आणि टेकू कमी होतो. फटीत दबणारं काही भरा, डॉवेल एकाऐवजी दोन करा आणि त्यांच्याभोवती रिंगा वाढवा.

भिंती किती बळ देतात याचा पुरावा आर्मेनियाचा आहे. ७ डिसेंबर १९८८ च्या भूकंपात तिथल्या लेनिनाकानमध्ये नऊ मजली प्रीकास्ट फ्रेमच्या इमारतींपैकी निम्म्याहून जास्त कोसळल्या, त्याच गावात मोठ्या पॅनेलच्या, म्हणजे भिंतींच्या, इमारती उभ्या राहिल्या. दोन्ही प्रीकास्टच होत्या.

प्रतिसाद – सह्यवारा

स्टीलबद्दल लिहितो. सळी असो वा सेक्शन, स्टील ताणलं जातं हे खरंच. पण वेल्ड? १७ जानेवारी १९९४ ला कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजच्या भूकंपात स्टीलच्या इमारती पडल्या नाहीत, म्हणून आधी सगळे खूश होते. नंतर फायरप्रूफिंग आणि फॉल्स सीलिंग काढल्यावर बीमच्या खालच्या फ्लँजच्या (आडव्या पट्टीच्या) वेल्डला तडे सापडले, काही ठिकाणी तडा कॉलममध्ये शिरलेला. वेल्डचा धातू ठिसूळ होता, वेल्डखाली लावलेली बॅकिंग पट्टी तशीच सोडल्याने तिथे खाच राहिली होती आणि बीमचा वेब (उभी पट्टी) आड येत असल्याने वेल्डरला खालच्या फ्लँजचा वेल्ड मधोमध तोडून दोन्ही बाजूंनी भरावा लागायचा. त्यानंतरच कॉलमपासून थोडं दूर बीमची फ्लँज मुद्दाम कापून बीम तिथे वाकवायची पद्धत रूढ झाली.

चाकणला उंचावर, पावसाळ्यात असे साइट वेल्ड करवून घेणं मला धोक्याचं वाटतं. स्टील घ्यायचंच असेल तर स्पेशल ब्रेसिंगची (तिरपे आधार घातलेली) फ्रेम, R = ४.५, जॉइंट बोल्टचे, वेल्ड फक्त वर्कशॉपमध्ये. गसेट प्लेटमध्ये (ब्रेस फ्रेमला जोडणाऱ्या पत्र्यात) ब्रेसला बकल व्हायला (दबून वाकायला) जागा सोडायला सांगा. हे तपशील आता स्टील इमारतींच्या भूकंपरोधक मानकात, आयएस १८१६८ मध्ये आहेत.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. दादा, टोकं मोकळी करून चालवलं. तुम्ही म्हणालात तसंच झालं, ड्रिफ्ट मर्यादेच्या कितीतरी बाहेर. मालकांना आलेख दाखवल्यावर ते शिअर वॉलला तयार झाले, स्टील मागे पडलं.

आता भार भिंतीपर्यंत पोचवायचा. हॉलोकोर म्हणजे सुटे सुटे तुकडे आणि वर ६० मिमी टॉपिंग. ड्रॉइंगमध्ये टॉपिंगला जाळी आहे, पण ती भिंतीपाशी तुटते.

प्रतिसाद – कोयनाकाठ

बरोबर जागी बोट ठेवलंत. १४ नोव्हेंबर २०१६ च्या न्यूझीलंडच्या कैकौरा भूकंपात वेलिंग्टनमधल्या स्टॅटिस्टिक्स हाउसचे प्रीकास्ट मजले काही भागात खाली आले. तिथली फ्रेम उभीच राहिली. बीममध्ये हिंज झाल्यावर (टोक बिजागरीसारखं वाकू लागल्यावर) बीम लांब होत जातो, आधार बाहेर सरकतो आणि स्लॅबचा टेकू सुटतो. मध्यरात्र होती म्हणून आत कोणी नव्हतं.

तुमच्याकडे भिंती असल्याने बीम तेवढे लांबणार नाहीत, तरी हॉलोकोरचा टेकू ७५ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका, आणि तो नजरेने नाही, टेप लावून तपासा. टॉपिंगमध्ये इमारतीच्या चारही कडांना अखंड सळया हव्यात. प्रत्येक मजल्याचा आडवा भार काढा, तो भिंतीच्या लांबीवर वाटा आणि तेवढ्या सळया टॉपिंगमधून भिंतीत घट्ट अडकवा. जाळीवर विसंबू नका, ती पातळ तार ताणली न जाता तुटते. हॉलोकोरचा वरचा पृष्ठभाग खरबरीत हवा आणि टॉपिंग ओतण्याआधी धुतलेला. यार्डातून येताना त्यावर धूळ आणि तेल असतं.

आणि कॉलमच्या जोडाला ग्राउट स्लीव्ह (सळया जोडणारी, ग्राउटने भरायची नळकांडी) असतील तर खालून भरलेलं ग्राउट प्रत्येक वरच्या नळीतून बाहेर येईपर्यंत कोणाला हलू देऊ नका. सुरुवातीला एक नमुना जोड भरून घ्या आणि कापून बघा. पोकळी असेल तर ती तिथेच दिसते.

धागाकर्ती

नमुना जोडाची अट आजच पत्रात घालते. सुधारित ड्रॉइंग आली की भिंतीजवळचा सेक्शन इथे टाकते, कृपया एकदा नजर टाका.