मदत हवी आहे : कोकणातली सकाळ जलरंगात

मंडळी, मी इंदूरची. गुहागरच्या किनाऱ्यावरची सकाळ जलरंगात रंगवतेय. पश्चिम किनारा, त्यामुळे सूर्य पाठीमागून, माडांच्या आडून वर येतो, पाण्यावर सोनेरी पट्टा नाहीच (कॅलेंडरवाले बिनधास्त काढतात!). समोर निळसर-करडं पाणी, फेस तेवढा उजळ, आणि ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब. घोडं अडलंय ते या ओल्या वाळूपाशी. ३०० जीएसएमच्या जाड कागदावर अल्ट्रामरीन निळा आणि तपकिरी बर्न्ट सिएना यांचा पातळ वॉश (पाणीदार रंगाचा थर) देते, पण माळव्याच्या कोरड्या हवेत तो अर्ध्यातच सुकतो नि कडा उमटतात. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घेऊ का? फेसासाठी मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून कागदावर लावायचा, नंतर सोलून काढायचा द्रव) बरं, की तेवढा पांढरा कागदच न रंगवता राखावा? मला ॲक्रिलिककडे वळायचं नाहीये, तेवढं सोडून काहीही सुचवा.