आधी अंथरूण, मग फरशी
रोजच्या केरवाऱ्याने मन हलकं होतं असं म्हणतात, आणि ते मला मनापासून पटतं. फक्त सुरुवात अंथरुणापासून करा. धुळीतले ‘माइट्स’ नावाचे अतिसूक्ष्म जीव गादी-उशीत भरपूर वाढतात. त्यांच्या विष्ठेमुळे अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या शिंका, दमा बळावतो. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतले की ते मरतात. कोरड्या झाडूने धूळ हवेत उडते, म्हणून ओलं फडकं बरं.

मन खचलेलं असेल तेव्हा मात्र अख्ख्या घराचा विचारच नको. एक टेबल किंवा नुसतं सिंक, बस्स! पूर्ण झालेलं काम डोळ्यांना दिसतं, त्यानेही उभारी येते.

आणि कृपया, ब्लीच व टॉयलेटचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.