रतनवाडी ते पाचनई, दोन मुक्काम: ६० लिटरची सॅक मागे ओढते, काय चुकतंय?

रानहळद
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रतनवाडी – रतनगड – कात्राबाईची खिंड – कुमशेत – पाचनई असा सह्याद्रीतल्या ट्रेकचा बेत आहे. दोन्ही मुक्काम गावातल्या घरांत, जेवणही तिथेच, म्हणजे तंबू आणि स्टोव्ह नाही. माझी उंची ५ फूट १ इंच, वजन ५५ किलो. घरात भावाची ६० लिटरची सॅक आहे. ११ किलो भरून जिने चढून पाहिले. सॅक मागे ओढते, खांद्याचे पट्टे वरच्या बाजूला खांद्यावर टेकत नाहीत (मध्ये दोन बोटं सहज जातात) आणि कमरपट्टा घसरून मांड्यांना घासतो. भरण्यात चूक आहे की सॅकच बदलावी? आणि पावसासाठी नुसतं रेनकव्हर पुरेल का?

घाटवाट
भरण्याच्या आधी मापाची चूक आहे. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं एकाच गोष्टीची: सॅकची पाठ तुमच्या पाठीपेक्षा लांब आहे. लिटर म्हणजे आत सामान किती मावतं एवढंच. सॅक अंगाला बसते ती पाठीच्या लांबीवर, आणि ती उंचीवरून ठरत नाही. सारख्या उंचीच्या दोघांच्या पाठीत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज असतो.

मोजायला दुसरं माणूस लागेल. मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी जो मणका सगळ्यात वर उठून येतो तो वरचा बिंदू. मग कमरेच्या हाडांच्या वरच्या काठावर हात ठेवा, अंगठे मागे. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ कण्याला जिथे मिळते तो खालचा बिंदू. शिवणाची टेप पाठीच्या बाकाला चिकटवून दोन्हींमधलं अंतर घ्या. मग सॅकवर खांद्याचे पट्टे जिथे शिवलेत तिथपासून कमरपट्ट्याच्या मध्यापर्यंत मोजा. काही सॅकना पाठीच्या गादीमागे वेल्क्रो असतो. तिथे हात घालून पट्ट्यांची जागा खाली घेता येते, ते आधी बघा. तसं नसेल तर ही सॅक तुमच्यासाठी नाही, कितीही नीट भरली तरी.

माप जुळलं की घालण्याचा क्रम महत्त्वाचा. सगळे पट्टे सैल करा. भरलेली सॅक घ्या, जरा पुढे वाका आणि आधी कमरपट्टा लावा: पट्ट्याची रुंदी हाडाच्या काठाच्या अर्धी वर, अर्धी खाली. पोटावर नाही. तो घट्ट झाला की खांद्याचे पट्टे फक्त टेकतील इतकेच ओढा. इथे बहुतेक जण चुकतात: खांद्याचे पट्टे इतके आवळतात की सॅक कमरेवरून उचलली जाते आणि सगळा भार परत खांद्यावर येतो. त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे ओढा. ते साधारण ४५ अंशांत तिरके दिसले पाहिजेत. सॅक मागे ओढणं तेच थांबवतात. छातीचा पट्टा शेवटी, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खाली, मोकळा श्वास घेता येईल इतका. चालताना कपडे आणि गादी दबून कमरपट्टा सैल होतो, म्हणून पहिल्या अर्ध्या तासानंतर तो पुन्हा ओढा.

आता वजन. तंबू-स्टोव्ह नसताना ११ किलो जास्त आहेत. सॅक १.६, स्लीपिंग बॅग १.२, मॅट ०.४, कपडे १.५, सुका खाऊ आणि एक राखीव जेवण ०.८, पाणी २, औषधं-टॉर्च-पॉवरबँक ०.८, पावसाळी जाकीट ०.४. बेरीज ८.७ किलो. बाकीचे सव्वादोन किलो कुठून आले ते शोधा; बहुधा जास्तीचे कपडे निघतील. सप्टेंबरात वाटेवर ओढे वाहते असतात, त्यामुळे एका वेळी दोन लिटरवर पाणी वाहायची गरज नाही. क्लोरीनच्या गोळ्या मात्र ठेवा. एवढ्या सामानाला ४० ते ४५ लिटर बास. मोठी सॅक अर्धी भरली की आतलं सामान हेलकावतं, आणि कातळावर तो हेलकावा तोल घालवतो.

ओलाचिंब
रेनकव्हरबद्दल. नुसतं कव्हर पुरत नाही, कारण पाठीची बाजू उघडीच राहते. मानेवरून, जाकिटावरून ओघळणारं पाणी पाठीच्या गादीत शिरतं, तिथल्या शिवणीतून आत जातं आणि तळाशी साचतं. म्हणूनच नेमकी तळाची स्लीपिंग बॅग भिजते. वाऱ्यात कव्हर फुग्यासारखं फुगतं ते वेगळंच.

उपाय आतून करायचा. साधारण ९० × ६० सेंमीची जाड प्लास्टिकची पिशवी सॅकमध्ये अस्तरासारखी उभी करा आणि सगळं सामान त्या पिशवीत भरा. शेवटी वर गुडघा ठेवून हवा काढा, तोंडाला पीळ द्या, पीळ दुमडून रबरबँड लावा. नुसती गाठ मारली तर ओल्या हातांनी सुटत नाही, मग लोक पिशवी फाडतात. स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे या पिशवीतही आणखी एकेका पिशवीत. हे कपडे चालताना कधीही घालू नका, कितीही भिजलात तरी.

भरताना: तळाला स्लीपिंग बॅग, त्यावर कपडे, जड वस्तू पाठीला चिकटून मधल्या उंचीवर. दोन बाटल्या दोन बाजूंना, एकाच कप्प्यात दोन्ही नकोत. टॉर्च, जाकीट, प्रथमोपचार सगळ्यात वर, प्लास्टिकच्या बाहेर पण आपापल्या छोट्या पिशवीत.

घाटवाट
ओलाचिंब यांच्याशी सहमत, पण कव्हर घरी ठेवू नका. सॅकचं कापड पाणी पिऊन जड होतं, ते कव्हर कमी करतं, आणि चिखलही अडवतं. करवंदीच्या जाळ्यांतून जाताना तेवढं काढून आत टाका, नाहीतर फाटेल. मॅट सॅकखाली आडवी बांधायची सवय असेल तर या वाटेवर सोडा. रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर ती कठड्यात अडकते आणि माणूस मागे खेचला जातो. मॅट उभी, बाजूच्या पट्ट्यांत. सॅकबाहेर चहाचा मग, चपला, ओले मोजे असं काही लोंबकळत ठेवू नका.

सुईदोरा
उसनी सॅक घेणार असाल तर निघण्याच्या आठ दिवस आधी या गोष्टी तपासा.

आतलं कापड बोटांना चिकट लागतंय का, पांढरे पापुद्रे सुटतायत का? तसं असेल तर आतला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेने कुजलाय. तो दुरुस्त होत नाही, आतल्या प्लास्टिकवरच विसंबा.

चेन लावली की मागून उघडते? बहुतेक वेळा दाते चांगले असतात, रनर झिजून सैल झालेला असतो. पक्कडीने रनरच्या दोन्ही कडा हलकेच दाबा, आधी एक बाजू, मग दुसरी. जोरात दाबला तर रनर तुटतो. तरी उघडत असेल तर रनर बदला. त्याच्या मागच्या बाजूला आकडा कोरलेला असतो (५, ८, १०), त्याच आकड्याचा आणि त्याच जातीचा घ्यायचा: प्लास्टिकच्या वेटोळ्याच्या चेनला धातूच्या दात्यांचा रनर चालत नाही. जड चालणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासा.

खांद्याच्या पट्ट्याची वरची शिवण दोन्ही हातांनी जोरात ताणून बघा. टाके उघडे दिसले तर बॅग शिवणाऱ्याकडून चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घालून घ्या, दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा. सुती दोरा ओलीत कुजतो आणि ऐन उतारावर दगा देतो. पट्ट्याचं टोक उसवत असेल तर काडीच्या आचेवर जरा वितळवा. कमरपट्ट्याचं एक जादा बक्कल, सुई, दोरा आणि दोन मीटर दोरी सोबत ठेवा. बक्कल घेताना पट्ट्याची रुंदी मोजून घ्या.

परत आल्यावर सॅक मशीनमध्ये टाकू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, मग सगळ्या चेन उघड्या ठेवून सावलीत उलटी टांगा. पाठीची गादी वाळायला दोन दिवस लागतात. ओलसर सॅक प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाकली की बुरशी आणि तो चिकटपणा, दोन्ही ठरलेलं.

रानहळद
मोजलं. माझी पाठ ४० सेंमी, सॅकची ५०, आणि मागे वेल्क्रो नाही. मैत्रिणीची ४५ लिटरची सॅक सरकत्या पाठीची आहे, ती ४१ वर लागली. ९ किलो भरून पट्टे त्याच क्रमाने लावले, खांद्यावर आता जवळजवळ भार नाही. ओढे पार करताना पट्टे घट्टच ठेवायचे ना?

घाटवाट
नाही, उलट. पाणी गुडघ्याच्या आसपास असेल किंवा त्याची ओढ जाणवत असेल तर उतरण्याआधी कमरेचं आणि छातीचं बक्कल सोडा, खांद्याचे पट्टे किंचित सैल करा. पाय घसरला तर सॅक क्षणात अंगावेगळी झाली पाहिजे. बांधलेली सॅक तुम्हाला तोंडघशी पाण्यात दाबून ठेवते. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, हातात काठी, एका वेळी एकच पाऊल. पाणी गढूळ होऊन चढताना दिसलं तर ओलांडू नका, ओसरेपर्यंत थांबा. पलीकडे गेल्यावर बक्कलं परत लावायची, आधी कमरेचं.